मैदान सुधारायचे? आधी मोजा, मग विचारा



मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी तीन वाजता वसाहतीतल्या मैदानावर जाऊन पाहा. पत्र्याची घसरगुंडी रिकामी असेल. मुले असलीच, तर भिंतीच्या कडेला सावलीच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली दिसतील. घसरगुंडीला बोट लावले की कारण कळेल, पण जपून! वसाहतीतल्या प्रत्येक मुलाला हे कारण ठाऊक असते. ठाऊक नसते ते कधीकधी मैदानाचा आराखडा दूर कार्यालयात बसून काढणाऱ्याला.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, सिडकोने १९७० च्या दशकात नव्या वसाहतींची आखणी हाती घेतली. एन-१, एन-२ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या ह्या भागांत घरांबरोबर मोकळ्या जागाही राखल्या गेल्या. पण नकाशावर जागा राखली म्हणजे क्रीडांगण तयार झाले असे नाही. त्यासाठी दोन प्रकारची माहिती लागते. एक मोजून मिळते, दुसरी विचारून.

घसरगुंडी कुठे उभारावी?

उन्हात पत्रा तापतो, तशी लाकडी फळीही तापते. मग चटका पत्र्याचाच जास्त का बसतो? धातू उष्णतेचा सुवाहक असल्यामुळे आतली उष्णता झपाट्याने आपल्या त्वचेकडे आणतो. लाकूड ती सावकाश सोडते.

घसरगुंडीचे तोंड उत्तरेकडे ठेवावे, असा एक सल्ला दिला जातो. थंड प्रदेशात तो उपयोगी पडतो, कारण तिथे सूर्य नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो. आपले शहर मात्र सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा वेळी घसरगुंडीचे तोंड कुठल्याही दिशेला असो, ऊन सारखेच पडणार. उपाय एकच, सावली.

पण झाड कुठे लावायचे? त्याच सुमारास दुपारी पावणेपाचला सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर असतो. ६ मीटर उंच झाडाची सावली तेव्हा पूर्वेकडे सुमारे १० मीटर लांब पडते. म्हणजे झाडे पश्चिमेला आणि खेळसाहित्य त्यांच्या पूर्वेला हवे. नेमके उलटे केले, तर झाडाची सावली कुंपणापलीकडच्या रस्त्यावर पडेल आणि मुले उन्हात राहतील!

पडण्याचे गणित

मूल खेळणार म्हणजे कधीतरी पडणारच. प्रश्न आहे तो कशावर पडणार हा. २ मीटर उंचीवरून पडलेल्या मुलाचा जमिनीजवळचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, म्हणजे ताशी २२ किलोमीटरहून अधिक असतो. हा वेग किती अंतरात शून्य होतो, यावर धक्का ठरतो. सैल वाळू १० सेंटिमीटर दबली, तर सरासरी ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २० पट होते. काँक्रीट दबतच नाही. शरीर १ सेंटिमीटरात थांबले, तर तेच २०० पट! युरोपातील आणि अमेरिकेतील मानकांत खेळसाहित्याखालच्या पृष्ठभागाची चाचणी घेताना डोक्याच्या प्रतिकृतीला बसणाऱ्या धक्क्याची कमाल मर्यादा हीच, २०० पट, धरली आहे. फरशी स्वच्छ दिसते, चिखल होत नाही, हे खरे. पण झोक्याखाली आणि घसरगुंडीखाली ती नकोच.

जे पट्टीने मोजता येत नाही

तरीही सूत्रे सगळे सांगत नाहीत. गेटापासून नळापर्यंत मुले कुठल्या वाटेने धावतात? त्या वाटेवर झोका टांगला, तर टक्कर ठरलेली. २.५ मीटर साखळीचा झोका ६० अंशांपर्यंत नेला, तर खाली येताना त्याचा वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर होतो. ती वाट नकाशात नसते. रोज तिथे येणाऱ्यांना मात्र पाठ असते.

आणि जे येत नाहीत त्यांचे काय? १९९० च्या दशकात व्हिएन्ना शहरात पाहणी झाली. वयाच्या नवव्या वर्षानंतर उद्यानांत येणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने घटते, असे दिसले. १९९९ मध्ये तिथल्या दोन उद्यानांत पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा केल्या, मोठ्या पटांगणाचे लहान भाग पाडले. मुली परत येऊ लागल्या. तुमच्या मैदानावर संध्याकाळी किती मुली असतात? मोजून पाहा.

ॲमस्टरडॅममध्ये १९४७ पासून आल्डो फान आइक ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९७८ पर्यंत सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. पहिली काही तयार झाल्यावर इतर गल्ल्यांतले रहिवासी नगरपालिकेला पत्रे लिहू लागले, 'आमच्याकडेही हवे, ही बघा रिकामी जागा!' आपल्याकडे पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून रहिवाशांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे नागरिकाचे पत्र वाया जातेच असे नाही. मात्र त्या पत्रात नुसती तक्रार नको, निरीक्षण हवे.

तुम्ही काय कराल?

चौघापाचजणांचा गट करा. मैदानाचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच वाजता सावल्यांच्या कडा त्यावर तीन रंगांत आखा. प्रत्येक खेळण्याची उंची आणि त्याखालची जमीन यांची नोंद करा. आठवडाभर दर अर्ध्या तासाला कोण येते ते मोजा: लहान मुले, मुली, क्रिकेटवाले, आजी-आजोबा. मग घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारा, 'तुम्ही मैदानावर का येता, किंवा का येत नाही?' आजोबांना फिरायची वाट हवी असेल, मुलांना खेळपट्टी, आईला दिवा. उत्तरे एकमेकांशी भांडतील. भांडू द्या. सगळी एकाच नकाशावर मांडली, की कुणाला कुठली वेळ आणि कुठला कोपरा देता येईल ते दिसू लागेल.

हा नकाशा शिक्षकांना दाखवा आणि रहिवाशांच्या सह्यांनिशी महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात द्या. मात्र वेळेवर द्या. एकदा काँक्रीट ओतले, की ते फोडायला पुन्हा पैसे मिळणे कठीण. तोवर कितीतरी गुडघे फुटलेले असतात, आणि कितीतरी मुलींनी मैदानावर येणे सोडलेले असते.