प्रोस्टेटचा कॅन्सर : घाई नको, लपवाछपवीही नको



बाईच्या दुखण्यावर आपल्या वस्त्यांत आता थोडे तरी बोलले जाते. पिशवीचा आजार, स्तनातली गाठ, रक्त कमी असणे या विषयांवर विहारात बैठका होतात. पुरुषाच्या लघवीच्या जागेचे दुखणे मात्र उंबरठा ओलांडत नाही. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, धार बारीक झाली, थेंब थेंब येते, हे फक्त बायकोला माहीत असते. ‘वय झाले, असे होतेच’ म्हणत वर्षे जातात. मग एक दिवस लघवी तुंबते, नळी टाकावी लागते, तपासण्या होतात आणि रिपोर्टवर ‘कॅन्सर’ शब्द येतो.

त्या रात्री घरात दोन प्रकारची बोलणी होतात. एक जण म्हणतो, ‘प्लॉट विकू, पण उद्याच्या उद्या ऑपरेशन करू.’ दुसरा म्हणतो, ‘कॅन्सर म्हणजे संपलेच, आता कशाला पैसा घालवायचा?’ आधी वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना ही दोन्ही बोलणी मी पुष्कळदा ऐकली आहेत. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ही दोन्ही बोलणी बहुतेक वेळा माणसाचे नुकसान करतात. हा कॅन्सर बऱ्याचदा हळू वाढतो. विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला काही आठवडे मिळतात. आणि पसरलेला असला तरी त्यावर उपचार आहे.

ही ग्रंथी कुठे असते?

प्रोस्टेट फक्त पुरुषाला असते. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती अक्रोडाएवढी ही गाठ असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांत ती वाढते आणि नळी दाबते. ही साधी वाढ असते, कॅन्सर नसतो. म्हणजे लघवीचा त्रास झाला की कॅन्सरच, असे नाही. उलट, कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा काहीच त्रास देत नाही. म्हणून त्रास असो वा नसो, पन्नाशीनंतर एकदा डॉक्टरांशी या विषयावर बोलावे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट असतो. अशांनी पंचेचाळिशीतच विचारावे.

पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर नव्हे

पीएसए ही रक्ताची तपासणी आहे. साधारणपणे ४ च्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढे बघतात. पण लघवीत जंतुसंसर्ग असला, नळी टाकलेली असली किंवा ग्रंथी साधी वाढलेली असली तरी हा आकडा वाढतो. म्हणून संसर्ग असेल तर तो बरा करून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. ग्रंथी लहान करण्याच्या काही गोळ्या, जसे फिनास्टेराइड, पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, नाहीतर आकडा फसवतो.

खरे निदान तुकडा तपासणीने, म्हणजे बायोप्सीने होते. शौचाच्या वाटेने किंवा तिच्या पुढच्या त्वचेतून सुई घालून ग्रंथीचे साधारण बारा तुकडे घेतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही वस्तीतली भीती खोटी आहे. याच भीतीने कितीतरी जण वर्षभर अंगारा-धुपारा आणि जडीबुटीत घालवतात. बाबासाहेबांनी आपल्याला त्या वाटेवरून बाहेर काढले आहे. दुखण्याच्या वेळीही त्या वाटेने परत जायचे नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्लीसन’ नावाचा आकडा असतो. ६ म्हणजे सौम्य, ७ म्हणजे मधला, ८ ते १० म्हणजे जोरकस कॅन्सर. हा आकडा, पीएसए आणि कॅन्सर ग्रंथीतच आहे की बाहेर गेला, या तीन गोष्टींवर सगळा उपचार ठरतो. बाहेर गेला का हे पाहायला एमआरआय, हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन करतात. या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय ‘लगेच ऑपरेशन’ला होकार देऊ नका.

ग्रंथीतच असेल तर

पहिला मार्ग लक्ष ठेवण्याचा. पीएसए १० च्या आत आणि ग्लीसन ६ असेल तर डॉक्टर लगेच काही करत नाहीत. दर काही महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय व पुन्हा बायोप्सी करतात आणि वाढ दिसली तर उपचार सुरू करतात. हा डॉक्टरांचा आळस नाही, हाही एक उपचारच आहे. मात्र तारखा पाळाव्या लागतात. अंबड-घनसावंगीकडचा माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला आणि सहा महिने आलाच नाही, तर लक्ष कोण ठेवणार? फडावर जायचे असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगा आणि तारखा तशा मागून घ्या.

दुसरा मार्ग ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढण्याचा. आठवडा-दोन आठवडे लघवीची नळी राहते. नंतर काही महिने लघवी गळू शकते, काहींची कायम गळते. लिंगाचा ताठरपणा कमी होतो किंवा जातो.

तिसरा मार्ग शेक देण्याचा. आठवड्यातले पाच दिवस, चार ते आठ आठवडे यंत्राखाली झोपावे लागते. ते दुखत नाही. शौचाला वारंवार होणे, कधी रक्त पडणे हे त्रास होऊ शकतात. ताठरपणा यातही हळूहळू कमी होतो. जोरकस कॅन्सर असेल तर शेकासोबत हार्मोनचे औषध दीड ते तीन वर्षे देतात.

यातले कोणते चांगले? इंग्लंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. ग्रंथीतच कॅन्सर असलेल्या ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गटांत वाटले : लक्ष ठेवणे, ऑपरेशन, शेक. २०२३ साली त्याचा १५ वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत १०० पैकी साधारण ९७ जण या कॅन्सरने दगावले नव्हते. लक्ष ठेवलेल्या गटात १०० पैकी ९ जणांचा कॅन्सर पसरला, बाकी दोन गटांत ५ जणांचा. लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा शेक घ्यावाच लागला. हा निकाल लवकर सापडलेल्या, बहुतांशी सौम्य व मधल्या कॅन्सरचा आहे. जोरकस कॅन्सरला तो लावू नये.

याचा अर्थ साधा आहे. अशा वेळी प्रश्न जिवाचा कमी आणि जगण्याचा जास्त असतो. रोलिंग मिलमध्ये आठ-बारा तास भट्टीजवळ उभे राहणाऱ्याची लघवी गळू लागली तर त्याने काम कसे करायचे? दीड महिना रोज शेकाला जायला कोण सोबत येणार, त्या दिवसांची मजुरी कोण देणार? हे प्रश्न डॉक्टर आपणहून विचारतीलच असे नाही. आपण ते टेबलावर ठेवायचे. पुरुषपणाचा प्रश्नही लाजून गिळायचा नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून विचारायचा.

हाडात पसरला असेल तर

आपल्याकडे बरेच रुग्ण याच टप्प्यावर येतात. इथे पूर्ण बरे होणे सहसा शक्य नसते, पण वर्षानुवर्षे आजार दाबून ठेवता येतो. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो. ते हार्मोन बंद केले की कॅन्सर आवळतो. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी हे १९४१ साली दाखवले आणि १९६६ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

हार्मोन बंद करायचे दोन मार्ग आहेत. एक, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन. दोन, लहानसे ऑपरेशन करून दोन्ही वृषणे काढणे. परिणाम दोन्हींचा सारखाच. इंजेक्शन बंद करता येते, पण ते महाग पडते आणि एक तारीख चुकली तरी हार्मोन पुन्हा वाढू शकते. ऑपरेशन एकदाच, खर्च कमी, पण ते कायमचे. त्याने आवाज बायकी होत नाही. मात्र इच्छा मरते, अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, आणि हे इंजेक्शननेही होते. गरीब आहे म्हणून फक्त ऑपरेशनच सांगितले जात असेल तर इंजेक्शनचाही खर्च विचारा. आणि ऑपरेशनच सोयीचे वाटत असेल तर लाजून नाही म्हणू नका. सही करण्याआधी काय काढणार हे स्वतः रुग्णाला मराठीत समजले पाहिजे. मुलाने परस्पर सही करणे बरोबर नाही.

यासोबत अ‍ॅबिराटेरोन नावाच्या गोळ्या दिल्याने आयुष्य वाढते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसले. आता भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात. ‘जेनेरिक कोणती?’ असे थेट विचारा. काहींना सलाईनमधून केमोही देतात.

एक धोक्याची खूण घरातल्या सर्वांनी पाठ करावी. कॅन्सरच्या रुग्णाची पाठ खूप दुखू लागली आणि पायांतली ताकद कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर कणा दाबला जातो आहे असे समजा. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दोन दिवस थांबलात तर पाय कायमचे जाऊ शकतात.

कुठे जायचे, पैसे कुठून?

सुरुवात जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयापासून करा. कॅन्सरच्या उपचारासाठी साधारण ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ते २०१२ साली सुरू झाले. ऑपरेशन, शेक आणि केमो तिथे होतात. दुसरे मत हवे असेल तर मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय आहे. जालन्याहून देवगिरी आणि तपोवन या गाड्या थेट मुंबईला जातात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर रुग्णांसाठी मोठा आधार आहे. रुग्णालयाचे प्रमाणपत्र घेतले तर रेल्वेच्या शयनयान वर्गात रुग्णाला तिकीट मोफत असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

दागिने मोडण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कागद करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याच्याकडे जा. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, नंतर गेलात तर अडचण येते. योजनेत मंजूर उपचारासाठी कोणी वरून पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे. कामच बंद पडले असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करा.

सगळे रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावा आणि झेरॉक्स ठेवा. दुसऱ्या मताला जाताना बायोप्सीची काचपट्टी आणि ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. तो तुमचाच आहे. त्यामुळे पुन्हा सुई टोचणे बऱ्याचदा टळते.

मनाचे काय?

निदानानंतर माणूस गप्प होतो, चिडतो, जेवत नाही. त्याच्यासमोर कुजबुज करू नका. ‘बाबांना सांगू नका’ हा निर्णय घेऊन आपण त्यांचा स्वतःबद्दल ठरवण्याचा हक्क काढून घेतो. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. ताट-तांब्या वेगळा करणे म्हणजे घरातच अस्पृश्यता आणणे, आणि ते आपण तरी करू नये.

नेल्सन मंडेलांना २००१ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी हा कॅन्सर निघाला. त्यांनी तो लपवला नाही, सात आठवडे शेक घेतला आणि पुढे बारा वर्षे जगून ९५ व्या वर्षी गेले. त्यांचे सहकारी आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना १९९७ साली निदान झाले आणि ते २०२१ पर्यंत जगले. सगळ्यांचा कॅन्सर सारखा नसतो, पण बोलणाऱ्याला मदत सापडते, एवढे यातून घ्यावे.

पुढच्या भेटीला वहीत हे सात प्रश्न लिहून न्या :

१. माझा पीएसए आणि ग्लीसन किती?
२. कॅन्सर ग्रंथीबाहेर गेला आहे का?
३. लगेच उपचार केला नाही तर काय होईल?
४. माझ्यासाठी कोणकोणते मार्ग आहेत?
५. प्रत्येकाने लघवीवर, शौचावर आणि संसारावर काय परिणाम होईल?
६. मी कामावर कधी जाऊ शकेन?
७. हे योजनेत बसते का, आणि बसत नसेल तर एकूण खर्च किती?

उत्तरे वहीत लिहून घ्या. समजले नाही तर पुन्हा विचारा. घरी आल्यावर वही मोठ्याने वाचा, दोन दिवस विचार करा आणि मगच ठरवा. येत्या पौर्णिमेला विहारात पुरुषांची अर्ध्या तासाची बैठक ठेवून हा लेख वाचून दाखवलात, तर ‘वय झाले’ म्हणत गप्प बसलेला एखादा आबा तरी दुसऱ्या दिवशी तपासणीला निघेल.