खरखर आणि गुणगुण

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक आपल्याला ठाऊक आहे ते विनोबांचे जन्मगाव म्हणून. डोंगराच्या कुशीतल्या या गावात रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या निमित्ताने माझे जाणे-येणे असते. तिथे ऐकलेली तक्रार आपल्याही घरातली असेल. ‘रेडिओ खरखरतो आणि स्पीकर गुणगुणतो, यंत्र बिघडले का?’ बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असते. आवाज बाहेरून येत असतो.

आधी खरखर पाहू. आपण मध्यम लहरींवर रेडिओ केंद्र ऐकत असतो. त्याच वेळी घरातले स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि पंख्याचे गोल फिरणारे रेग्युलेटर त्याच लहरींच्या पट्ट्यात विजेचा कचरा टाकत असतात. गणपतीत आरास लागली, की माळांमुळे त्यात भरच पडते.

यावर सोपी परीक्षा आहे. रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर लावत जा. ज्याने खरखर परतेल, तो बदला किंवा दूर न्या. मेन बंद करूनही ती थांबली नाही, तर ती शेजारून किंवा विजेच्या तारांवरून येते आहे. तेव्हा रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवा. त्याच्या पोटातली फेराइटची कांडी एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने फार कमी ग्रहण करते. खरखर सर्वांत कमी होईल त्या कोनात रेडिओ ठेवा. यासाठी एक पैसाही लागत नाही.

आता गुणगुण. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. म्हणून गुणगुण ५० किंवा १०० आवर्तनांची, खर्जातली असते. अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा. तरीही गुणगुण राहिली, तर आतला फिल्टर कंडेन्सर थकला असण्याची शक्यता आहे. ते काम जाणकाराचे. थांबली, तर ती जोडवायरीतून येते आहे. जाळीचे आवरण असलेली चांगली वायर वापरा. ती विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच झाली, तर काटकोनात ओलांडा.

कधी अॅम्प्लिफायर एका भिंतीच्या प्लगवर आणि संगणक दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर असतो. दोन्हींचे अर्थिंग वेगळ्या वाटेने जमिनीत जाते, जोडवायरीमुळे एक वेटोळे पुरे होते आणि त्यातून गुणगुण फिरते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावली, की ती बहुधा नाहीशी होते. न झाल्यास जोडवायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिनची जाड, वरची पिन कापतात. गुणगुण जाते खरी. पण यंत्रात बिघाड होऊन २३० व्होल्ट त्याच्या पत्र्यावर उतरले, तर त्यांना जमिनीत जायला वाट उरत नाही. हात लावणाऱ्या माणसातूनच ती वाट होते. आपल्या कोकणात पावसाळ्यात जमीन ओली, पाय ओले. भजनाला बसलेल्याच्या हातात मायक्रोफोन असतो आणि तोही त्याच पत्र्याला जोडलेला! ती पिन म्हणजे आपला जीव आहे. कापलेली असेल, तर आजच प्लग बदला. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नका. अधूनमधून पाणी घालत जा.

आणि हो, मोबाइल वाजण्याआधी स्पीकर तडतडत असेल, तर यंत्राला दोष देऊ नका. मोबाइल तेवढा दोन हात लांब ठेवा.