महाद्वार आणि अंतरात्मा

आषाढीच्या वारीत पंढरीच्या महाद्वाराशी पोहोचलेला भाविक नामदेवपायरीवर पाऊल न ठेवता तिला वंदन करतो. समोरच चोखोबांची समाधी आहे. विठ्ठलनामात आयुष्य वेचलेल्या या संतश्रेष्ठाला जातीमुळे राऊळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास कोसळलेल्या गावकुसाखाली त्यांचा देह पडला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी येथे आणल्या, असे परंपरा सांगते. चोखोबांचे अभंग कीर्तनात गाइले गेले. त्यांच्या ज्ञातिबांधवांना मात्र ते दार पुढे सहाशे वर्षे बंदच राहिले.

हे दार उघडावे म्हणून १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण आरंभिले. तत्पूर्वी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची मने वळविली होती. गुरुजी धर्मद्वेष्टे नव्हते. विठ्ठल त्यांचाही होता. म्हणूनच विठ्ठलाच्या नावाने माणसाला दूर लोटले जावे, हे त्यांना साहवेना.

एका बाजूस रूढी आणि पुजाऱ्यांचा परंपरागत अधिकार उभा होता. पण खरी कसोटी निराळीच होती. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत, त्या महात्मा गांधींनीही उपोषण सोडण्यास सांगितले. गुरुजींना त्याचे दुःख झाले. तरीही आतला आवाज त्यांना मोडवेना. विरोधकांचा अधिकार नाकारणे सोपे असते. पूज्य व्यक्तीला नम्रपणे नकार देणे फार कठीण. अखेर दहा दिवसांच्या उपोषणानंतर मंदिर सर्वांना खुले करण्यास संमती मिळाली आणि गुरुजींनी उपोषण सोडले.

मग प्रत्येकाने आपल्या मनास येईल तोच धर्म मानावा काय? तसे नव्हे. ज्या मनुस्मृतीच्या आधारे माणसांत उच्चनीचता मानली गेली, तिनेही श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्या जोडीला आत्म्याचा संतोष हे धर्माचे लक्षण सांगितले आहे. पण आत्मसंतोष म्हणजे लहर नव्हे. लहर स्वतःसाठी सवलत मागते. सदसद्विवेक दुसऱ्यासाठी क्लेश सोसतो. गुरुजींनी कोणावर हात उगारला नाही, देवाकडे पाठ फिरविली नाही. स्वतःचा देह तेवढा पणाला लावला.

आपल्या घरातही अशी लहानलहान महाद्वारे असतात. हळदीकुंकवाला विधवा भगिनीला वगळावे, कामाला येणाऱ्या बाईचा पेला वेगळा ठेवावा, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले की आपण मान तुकवितो. मन मात्र खट्टू होते. ते खट्टू होणे, हीच अंतर्यामीच्या पांडुरंगाची हाक नसेल काय? वडिलांचा आदर राखूनही त्या हाकेला ओ देता येते. एकादशीचा उपवास पोटाने करावाच. परंतु कधीतरी तो विवेकानेही करावा.