आवाज सुधारणारा फीडबॅक

महालातल्या गणपतीच्या मांडवात आरतीच्या वेळी कुणीतरी माइक घेऊन कर्ण्यापुढे जातो आणि कानठळ्या बसवणारी शीळ उठते. ‘फीडबॅक आला’, म्हणत माइकवाला धावतो. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. या शिट्टीमुळे फीडबॅक हा शब्द बदनाम झाला. पण त्याच्याच उलट्या स्वभावाच्या भावावाचून घरातले बहुतेक अँप्लिफायर धड गाणार नाहीत.

अँप्लिफायर आवाज वाढवताना त्यात पदरचं काहीतरी मिसळतो. मूळ गाण्यात नसलेले सूर उमटतात. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत आणला, की ही भेसळ बरीचशी वजा होते. हा निगेटिव्ह फीडबॅक. आवाज हजारपट वाढवणारा अँप्लिफायर त्यानं शंभरपटीवर आणला, तर शेकडा ३ असलेली भेसळ ढोबळमानाने ०.३ वर येते. म्हणजे जोर देऊन स्वच्छता विकत घ्यायची.

ही युक्ती अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ब्लॅक या टेलिफोन इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यानं आकृती काढली. जोर मुद्दाम घालवायचा, हे लोकांना पटेना. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

मी पहिला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जोडला, तो सुरू करताच भोंग्यासारखा ओरडू लागला. दोन रात्री घालवल्यावर चूक सापडली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट लागल्या होत्या. वजाबाकीऐवजी बेरीज चालली होती. मांडवातली शिट्टी माझ्या डब्यात! तारा बदलल्या आणि नागपूर आकाशवाणीवरचं गाणं स्वच्छ ऐकू आलं.

मात्र हा फीडबॅक फुकट मिळत नाही. परत येणाऱ्या संदेशाला किंचित उशीर होतो. वरच्या पट्टीत हा उशीर जास्त जाणवतो आणि फार वाढला की वजाबाकीचीच बेरीज होते. त्यासाठी वरच्या पट्टीत अँप्लिफायरचा वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो. फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी १९७० मध्ये दाखवलं, की असा मंद ट्रान्झिस्टर अँप्लिफायर अचानक आलेल्या आघाताला, म्हणजे तबल्याच्या थापेसारख्या आवाजाला, क्षणभर पुरा पडत नाही. त्यावरून फीडबॅकच वाईट, अशी हवा उठली. पुढे कळलं, की खरा दोष मंदपणाचा होता. वेगवान अँप्लिफायरला भरपूर फीडबॅकही मानवतो.

आवाज कुवतीपलीकडे नेला, तर मात्र फीडबॅक हतबल असतो. तो नसलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर हळूहळू घोगरा होतो. भरपूर फीडबॅकचा शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि एकदम फाटतो.

मी एकदा फीडबॅकची तार काढूनही ऐकलं. आवाज मोठा झाला, गाणाऱ्याचा गळा मोकळा वाटला, पण डग्गा सैल पडला, घुमत राहिला. तार पुन्हा जोडली, फक्त तिच्यातला रेझिस्टर थोडा मोठा घातला.