'मोअर बेटर' का चालत नाही?

इंग्रजी बोलताना आपल्याकडच्या भल्याभल्यांच्या तोंडून 'मोअर बेटर' निघून जातं. दोष मराठीच्या सवयीचा. 'कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच' म्हणा किंवा 'कळसूबाई सर्वांत उंच', त्यातला 'उंच' जागचा हलत नाही. सगळी कामं 'पेक्षा', 'हून' आणि 'सर्वांत' करतात. इंग्रजीत मात्र एकतर विशेषणाला 'अर', 'एस्ट' जोडायचं, नाहीतर त्याच्याआधी 'मोअर', 'मोस्ट' ठेवायचं. 'बेटर'मध्ये तुलना आधीच झालेली असते, म्हणून तिथे 'मोअर' फुकटचा.

कोणत्या शब्दाला काय लावायचं, हे पाठांतरापेक्षा कानाने लवकर कळतं. एका दमात उच्चारला जाणारा शब्द 'अर' घेतो: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. दोन तुकड्यांचा आणि शेवटी 'वाय' असलेला शब्दही तसाच, फक्त स्पेलिंगमध्ये 'वाय'चा 'आय' होतो: हॅपी, हॅपिअर, हॅपिएस्ट. तीन तुकडे झाले की 'मोअर': मोअर डिफिकल्ट, मोअर एक्स्पेन्सिव्ह. मधल्या दोन तुकड्यांच्या शब्दांचं काही खरं नाही. 'क्लेव्हर'ला दोन्ही चालतं, 'मॉडर्न'ला 'मोअर'च लागतो. 'टायर्ड', 'बोअर्ड' हे क्रियापदावरून आलेले शब्द कितीही छोटे असोत, त्यांनाही 'मोअर'. उलट 'अनहॅपी'चे तुकडे तीन, तरी 'अनहॅपिअर' बरोबर, कारण तो 'हॅपी'च्या घरचा.

'अर', 'एस्ट' हे इंग्रजीचं जुनं जर्मॅनिक धन. 'मोअर' लावायची पद्धत तेराव्या शतकापासून दिसू लागते. त्यात फ्रेंचचा हात किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 'बेटर', 'बेस्ट' तर 'गुड'चे सख्खे नव्हेतच. ते वेगळ्याच धातूचे, 'गुड'च्या घरी दत्तक आलेले.

गंमत म्हणजे आज चूक ठरणारं दुहेरी रूप शेक्सपिअरने बिनदिक्कत वापरलं. 'ज्यूलियस सीझर'मध्ये अँटनीच्या भाषणात एकाच विशेषणाला 'मोस्ट'ही आहे आणि 'एस्ट'ही. पुढे व्याकरणकारांनी याला नाकं मुरडली. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या शब्दकोशात 'लेस'ला पुन्हा 'अर' जोडून केलेल्या 'लेसर'ला रानटी ठरवलं. भाषेने त्याचं ऐकलं नाही. 'लेसर' आजही शुद्ध म्हणून चालतो. 'निअर'ची कथा याहून भारी. तो मुळात 'नाय' या जुन्या शब्दाचं तुलनेचं रूप, आणि 'नेक्स्ट' त्याच शब्दाचा 'सर्वांत जवळचा'. म्हणजे 'निअरर' म्हणताना आपण दोनदा तुलना करतो आणि कुणी हटकत नाही.

आपण तरी कुठे सोवळे आहोत? संस्कृतातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकाच मुळाचे. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ ही सगळी 'सर्वांत' अर्थाचीच रूपं, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' तर प्रत्ययासकट भावंडं. संस्कृतातली दुसरी जोडी 'तर' आणि 'तम'. त्यातला 'तम' शाळेत लसावि-मसाविच्या 'लघुतम' आणि 'महत्तम'मध्ये भेटलेला असतोच.

शाळेतल्या 'चेंज द डिग्री'च्या प्रश्नात यातलं काही येत नाही. तिथे वाक्य उलटंसुलटं करण्याचा सराव होतो आणि मार्कही मिळतात, पण रोजच्या इंग्रजीत अडतं ते भलतीकडेच. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आले. त्यांच्याआधी 'मोअर' लागत नाही आणि नंतर 'दॅन'ही येत नाही, 'टू' येतो. नोकरीच्या अर्जात 'सीनिअर दॅन' लिहिलं असेल, तर पाठवण्याआधी तेवढं बदलून घ्या.