76 अध्याय, एक घर, तीन लेखक: ‘ख्रिस्तायन’ नेमकं कोणाचं?

ख्रिसमस आला की येशूच्या जन्माची गोष्ट जगभर पुन्हा सांगितली जाते. मराठीत ही गोष्ट ओवीत लिहिलेली आहे. ज्ञानेश्वरीची ओवी, तीच. येशूचं संपूर्ण चरित्र सांगणाऱ्या या महाकाव्याचं नाव ‘ख्रिस्तायन’.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं काव्य अशी त्याची ओळख अनेकदा करून दिली जाते. पण 76 अध्यायांच्या या ग्रंथात टिळकांनी लिहिलेले अध्याय आहेत साधारण दहा-साडेदहा. मग बाकीचे कोणी लिहिले?

सुरुवात कशी झाली?

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी म्हणून नाव झाल्यावर, 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला तरी भाषेची नाळ तुटली नाही. अभंग, भजन, कीर्तन हे सगळं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत.

ख्रिस्तचरित्र ओवीत आणणारे ते पहिले नव्हते. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्येच छापलं गेलं होतं. टिळकांना ही कथा आपल्या काळाच्या मराठीत सांगायची होती. पण 9 मे 1919 रोजी त्यांचं निधन झालं आणि ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं.

लक्ष्मीबाई कशा आल्या?

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या कर्मठ घरातली ही मुलगी शाळेत गेली नव्हती. लहानपणीच लग्न झालं. लिहा-वाचायला शिकवलं ते टिळकांनी.

नवऱ्याच्या धर्मांतराचा त्यांना मोठा धक्का बसला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पुन्हा एकत्र आल्या आणि 1900 मध्ये स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. 1934 पासून चार भागांत आलेलं हे पुस्तक आजही मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत धरलं जातं.

नवरा गेल्यानंतर त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं आणि 64 अध्याय लिहिले. म्हणजे दर सहा अध्यायांमागे पाच त्यांचे. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचंही निधन झालं. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मग प्रश्न काय आहे?

प्रश्न एका शब्दाचा आहे. ‘टिळकांचं अपुरं काव्य पत्नीने पूर्ण केलं’ असं सांगितलं जातं. पूर्ण करणं म्हटलं की राहिलेल्या थोड्याशा कामावर हात फिरवणं वाटतं. इथे तर कामाचा बहुतेक भाग पत्नीचा आहे. कल्पना आणि सुरुवात टिळकांची, हे खरंच. पण आकडे पाहिले तर लक्ष्मीबाई मदतनीस ठरत नाहीत. त्या या ग्रंथाच्या मुख्य लेखिका ठरतात.

घरच्यांचा सहभाग नेहमी असाच असतो का?

नाही. तो वेगवेगळ्या प्रकारचा असतो.

• ऐकणारा: लाल नाकाचं रेनडिअर ‘रूडॉल्फ’ची गोष्ट 1939 ची. शिकागोतल्या माँटगोमेरी वॉर्ड या कंपनीत जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे यांना ख्रिसमससाठी मुलांचं पुस्तक लिहायचं होतं. लिहिलेला मजकूर ते चार वर्षांच्या मुलीला, बार्बराला वाचून दाखवत. त्याच काळात त्यांची पत्नी एव्हलिन कर्करोगाने गेली. साहेबांनी काम दुसऱ्याकडे देऊ का विचारलं, पण मे यांनी ते सोडलं नाही. त्या वर्षी पुस्तकाच्या सुमारे 24 लाख प्रती मोफत वाटल्या गेल्या. बार्बराने ओळी लिहिल्या नाहीत. पण ती पहिली श्रोती होती.

• टिपून घेणारा: बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी कागदावर उतरवली. गुढीपाडवा, आखाजी हे सणही त्यांत आहेत. गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. पण लेखक बहिणाबाईच. टिपणाऱ्याने त्यावर हक्क सांगितला नाही.

• लिहिणारा: लक्ष्मीबाई आणि देवदत्त.

आणि ज्यांचं नावच राहत नाही ते?

सणाच्या बहुतेक गोष्टी या चौथ्या गटातल्या आहेत. रायगडमधल्या खालापूर तालुक्यातलं महड घ्या. इथला वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक. गृत्समद ऋषींनी इथे तप केलं, गणपती प्रसन्न झाला आणि इथेच राहिला, अशी कथा आहे. तिला पुराणाचा आधार आहे. पण माघी गणेशजयंतीला कर्जत-खालापूरच्या घरांतल्या पोरांपर्यंत ती पोथीतून पोचत नाही, आजी-आजोबांच्या तोंडून पोचते. सांगताना कोणी एखादा तपशील वाढवतं, कोणी गाळतं. कोणी काय घातलं, याची नोंद कुठेच नसते.

म्हणूनच ‘ख्रिस्तायन’चं उदाहरण महत्त्वाचं. इथे कोणी किती लिहिलं, हे सांगता येतं. सणाला आजीने सांगितलेली गोष्ट रेकॉर्ड करून पोस्ट करणार असाल, तर खाली तीन गोष्टी लिहा: सांगितली कोणी, उतरवली कोणी आणि तुम्ही त्यात काय बदललं. दोन ओळींचं काम आहे. पण त्या दोन ओळी नसल्या, की 64 अध्याय लिहिणारी बाईसुद्धा ‘मदत करणारी’ ठरते.