कोलकाता ते आगरतळा: दोन शहरे, तीन अंतरे

दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर पट्टी ठेवून देता येते, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुंबई आणि पुणे यांच्या बाबतीत ती फारशी चुकत नाही. सरळ रेषेत त्यांचे अंतर सुमारे 120 किलोमीटर, तर घाटाची वळणे धरूनही रस्ता सुमारे 150 किलोमीटरच भरतो. परंतु पश्चिम बंगालची राजधानी कोलकाता आणि त्रिपुराची राजधानी आगरतळा यांचे अंतर विचारले, तर एकाऐवजी तीन उत्तरे द्यावी लागतात.

पहिले उत्तर विमानाचे. ही शहरे सरळ रेषेत जेमतेम 320 किलोमीटर दूर आहेत. उड्डाणाला सुमारे एक तास लागतो. त्यातला बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो. विमानतळावर लवकर पोचणे, तपासणी आणि शहरापर्यंतचा प्रवास हे सारे जमेस धरले, तरी चार-पाच तासांत घरचा उंबरठा गाठता येतो.

दुसरे उत्तर भारताच्या भूमीवरून जाणाऱ्या रस्त्याचे. तो प्रथम उत्तरेकडे वळतो, फराक्का येथे गंगा ओलांडतो आणि सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून आसामात शिरतो. गुवाहाटी, शिलाँग, मेघालयाचे डोंगर आणि बराक खोरे असा वळसा घेऊन तो चुराईबारीपाशी त्रिपुरात उतरतो. हे अंतर सुमारे 1,600 किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेच्या पाचपट होते. ताशी सरासरी 40 किलोमीटर वेग धरला, तर निव्वळ चाक फिरण्याचेच 40 तास होतात. विश्रांतीसह तीन दिवस सहज जातात. पावसाळ्यात दरड कोसळली, की हिशेबच कोलमडतो.

हा वळसा निसर्गाने घातलेला नाही. 1947 पूर्वी प्रवासी कोलकात्याहून रेल्वेने गोआलंदोला जात, तेथून आगबोटीने चांदपूर गाठत आणि पुन्हा रेल्वेने आगरतळ्याच्या वेशीजवळील आखाउडा स्थानकावर उतरत. फाळणीची रेषा आखाउडा आणि आगरतळा यांच्यामधून गेली. 1949 साली त्रिपुरा संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा त्याच्या तीन बाजूंना परकीय सीमा होती.

यातूनच तिसरे उत्तर निघते. ढाक्यावरून जाणारा रस्ता सुमारे 500 किलोमीटरांचा आहे. बांगलादेशाच्या संमतीने 2015 साली कोलकाता-ढाका-आगरतळा बससेवा सुरू झाली. त्याआधी पालाटाणा येथील वीजकेंद्राची अवजड यंत्रसामग्री नदीमार्गे आशुगंज बंदरात उतरवून पुढे रस्त्याने नेण्यात आली होती. नोव्हेंबर 2023 मध्ये आगरतळा-आखाउडा रेल्वेमार्गाचेही उद्घाटन झाले.

मात्र असा मार्ग दोन देशांच्या सलोख्यावर अवलंबून असतो. आकाशालाही हाच नियम लागू पडतो: फेब्रुवारी 1971 मध्ये भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना जाण्यास बंदी केली, तेव्हा कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने श्रीलंकेचा वळसा घालून जाऊ लागली.

ज्याला तिकीट परवडते, त्याच्या दृष्टीने आगरतळा तासाभरावर आहे. पण दूरवरून मालमोटारीने येणाऱ्या सिमेंटला आणि मिठाला तो संपूर्ण वळसा मोजावा लागतो, आणि त्याचे भाडे अखेर गिऱ्हाईकच भरते. शहरांमधील अंतर किलोमीटरांत सांगितले जाते खरे. परंतु ते कमी-अधिक करण्याचे सामर्थ्य शेजाऱ्यांच्या परस्परविश्वासात असते.